प्रश्न विचारणाऱ्याचा अपराध कोणता?

तुर्भे-वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोणी वाहणाऱ्या एका माथाडी कामगाराचा मुलगा गेल्या वर्षी संगणकाच्या आज्ञावल्या लिहायला शिकू लागला. कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तेथले. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा न चुकवणारे. मुलाचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालेले. वडिलांचे काम पाहून त्याला एक कल्पना सुचली. दोन गोणींची वजने विचारायची आणि त्यांची बेरीज सांगायची, एवढीच छोटी आज्ञावली त्याने पायथन भाषेत लिहिली. पहिल्या गोणीचे वजन त्याने ५० किलो भरले, दुसरीचे ४८. संगणकाने बेरीज सांगितली: ५०४८.

सारी संध्याकाळ तो त्या आकड्याशी झगडला. अखेर त्याने मोबाइलवरील एका गटात आपला प्रश्न मांडला. गट संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या तरुणांचा. त्यांतले काही आपल्याच धर्मग्रामांतून पुढे गेलेले. इंग्रजी मोडकेतोडके होते, पण प्रश्न स्पष्ट होता: पन्नास आणि अठ्ठेचाळीस यांची बेरीज अशी का येते? पहिले उत्तर म्हणून एक हसरा चेहरा आला. दुसऱ्याने लिहिले, हे पहिल्याच धड्यात असते, आधी वाच आणि मग विचार. तिसऱ्याने तर अशांनी या क्षेत्रात येऊच नये असा निकाल दिला. अर्ध्या तासात तिघांनी मत दिले. उत्तर एकानेही दिले नाही. मुलगा गटातून बाहेर पडला.

आम्ही त्याला विचारले, "मग पुढे काय केलंस?" तो म्हणाला, "काही नाही, काका. चूक माझीच होती. विचारायलाच नको होतं."

हे शेवटचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले आहे. चूक आज्ञावलीत होती असे तो म्हणाला असता तर आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु चूक विचारण्यात होती, असा धडा तो शिकला. हा धडा त्याला कोणी दिला, कोणत्या अधिकाराने दिला, आणि तो दिला जात असताना आपण सारे काय करीत होतो, याचा जाब मागण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम त्याच्या प्रश्नाचे उत्तर सांगून टाकू. त्याला दोनच वाक्ये लागतात. पायथनच्या आजच्या आवृत्तीत कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट संगणक अक्षरे म्हणून स्वीकारतो, आणि दोन अक्षरसमूहांची 'बेरीज' म्हणजे ते एकापुढे एक जोडणे. आलेल्या मजकुराचे 'इंट' या सूचनेने आधी संख्येत रूपांतर केले की बेरीज ९८ येते. ज्यांनी उपहास केला त्यांना हे ठाऊक होते. उपहासाला जेवढे शब्द लागले, त्याहून फारसे अधिक उत्तराला लागले नसते. म्हणजे वेळ नव्हता ही सबब येथे चालणार नाही.

आणि हा प्रश्न खरोखरच बाळबोध होता का? कागदावर लिहिलेले '५०' हे चिन्ह आणि पन्नास ही संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संगणकशास्त्राच्या पायाशी असलेले सत्य आहे. यंत्राला एखाद्या गोष्टीचे रूप कळते, प्रकार सांगावा लागतो. तुर्भ्याच्या त्या मुलाने कोणाच्याही मदतीशिवाय नेमक्या त्याच जागी बोट ठेवले होते. चांगल्या शिक्षकाने त्या प्रश्नावर तासभर आनंदाने घालवला असता. आमच्या तज्ज्ञांना मात्र त्यात केवळ अडाणीपणा दिसला.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्हाला ठाऊक नाही असे नाही, आणि ते सारेच खोटे आहे असेही आम्ही म्हणत नाही. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तर देणारे फुकट उत्तर देतात. पुष्कळ विचारणारे स्वतः काडीचेही कष्ट न घेता दुसऱ्याकडून गृहपाठ करून घेऊ पाहतात. अमेरिकेतील एरिक रेमंड यांनी २००१ साली, शहाणपणाने प्रश्न कसा विचारावा यावर एक लांबलचक निबंध लिहिला. आधी स्वतः शोधा, काय काय करून पाहिले ते सांगा, नेमके विचारा, असा त्यातील उपदेश आहे आणि तो उपयुक्तही आहे. पुढे २००८ साली जेफ अ‍ॅटवुड व जोएल स्पोल्स्की यांनी 'स्टॅक ओव्हरफ्लो' हा प्रश्नोत्तरांचा जागतिक मंच उभारला, तेव्हा त्यांचा हेतू एकेका व्यक्तीची अडचण सोडवण्यापुरता नव्हता. पुढच्या हजारोंना उपयोगी पडेल असे ग्रंथालय उभे करण्याचा होता. म्हणून तेथे एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला की तो बंद करून जुन्या उत्तराकडे बोट दाखवले जाते. या मंचाने जगभरच्या असंख्य लोकांचे काम सोपे केले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो.

परंतु एवढे मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतोच. 'आधी शोध' असे सांगणारा एक गोष्ट विसरतो: शोधण्यासाठी शब्द लागतो, आणि नवशिक्याजवळ नेमका तोच नसतो. ज्याला 'प्रकार-रूपांतर' ही संज्ञा माहीत आहे, त्याला उत्तर क्षणात सापडते. पण ज्याला ती माहीत आहे त्याला प्रश्न पडतच नाही. गावात नवा आलेला माणूस पत्ता विचारतो, तेव्हा 'आधी नकाशा पाहा' असे सांगणे सोपे आहे. परंतु आपण आता कोठे उभे आहोत हेच ज्याला कळत नाही, त्याला नकाशा काय सांगणार? त्यातून हा शोध घ्यायचा तो इंग्रजीत. त्या जागतिक मंचाच्या पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी आवृत्त्या निघाल्या. मराठीत अशी आवृत्ती नाही. आमच्या मुलाला आधी परकी भाषा, मग शास्त्राची भाषा, मग यंत्राची भाषा अशा तीन भिंती चढायच्या असतात, आणि वर पोहोचताच हात पुढे करण्याऐवजी माणसे त्याच्या धापा टाकण्याला हसतात.

दुसरे असे की, उत्तर देण्याची सक्ती कोणावरच नाही. ज्याला कंटाळा आला आहे त्याने गप्प राहावे. मौनाने कोणी जखमी होत नाही. उपहास मात्र कोणी सहज करीत नाही. त्यासाठी थांबावे लागते, शब्द जुळवावे लागतात, चारचौघांना दिसेल असे ते लिहावे लागतात. त्यामागचे कारण सरळ बोलायचे तर एकच: आपण शिडीवर कितव्या पायरीवर आहोत हे दाखवायला खालच्या पायरीवर कोणीतरी दिसावे लागते.

हा आमचाच कांगावा नव्हे. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनी स्वतःच जाहीर कबुली दिली की, त्यांचा मंच पुष्कळांना, विशेषतः नवशिक्यांना, स्त्रियांना व वर्णाने वेगळ्या असलेल्यांना आपुलकीचा वाटत नाही, आणि हे बदलले पाहिजे. तेथे दुसऱ्याच्या प्रश्नोत्तराखाली साधी टिप्पणी करायची तरी आधी ५० गुण कमवावे लागतात. गैरवापर टाळण्यासाठी हा नियम आहे हे खरे; पण ज्याला 'मला नीट समजले नाही' एवढेच म्हणायचे आहे, त्याच्या तोंडावरही त्यामुळे कुलूप बसते.

ज्या थोरांच्या नावाने ही मंडळी मिरवतात, त्यांचा इतिहासही त्यांनी आठवावा. आज जगातील असंख्य संगणकांवर चालणारी लिनक्स प्रणाली सुरू करणारा लिनुस तोरवाल्ड्स हा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्या जुलै महिन्यात त्याने एका चर्चागटावर विचारले होते की, अमुक एका मानकाची नियमावली कोठे मिळेल? तो प्रश्न साधा, माहितीचा होता. त्या दिवशी सर्वांनी त्याला झिडकारले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. पुढे हाच गृहस्थ आपल्या सहकाऱ्यांवर कठोर, अपमानकारक शब्दांत तुटून पडण्यासाठी प्रसिद्ध झाला. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने त्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ कामातून रजा घेतली. गुरू होऊन बसलेल्याला पश्चात्ताप करावासा वाटला; त्याच्या कठोरपणाची नक्कल करणाऱ्या शिष्यांना मात्र अजून तो वाटलेला नाही.

आता आम्ही ज्या घरचे आहोत, त्या घरची शिकवण पाहू. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला, तेव्हा तो काय करीत होता? संत लूक सांगतो की, तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता (लूक २:४६). देवपुत्राला ज्या गोष्टीची लाज वाटली नाही, ती माथाडीच्या मुलाने लाजेची का मानावी? देवदूताचा निरोप ऐकून पवित्र मरियेनेही 'हे कसे होईल' असा प्रश्नच विचारला, आणि तिला उत्तर मिळाले. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडू लागला, तेव्हा गप्प राहा म्हणून त्याला दटावणारे बरेच होते. मार्काच्या शुभवर्तमानात ती गर्दी स्पष्ट दिसते. प्रभू मात्र थांबला, त्याला बोलावले, आणि तुझ्यासाठी मी काय करावे असे त्यालाच विचारले. चांगले उत्तर देणारा आधी स्वतः प्रश्न विचारतो, हे आमच्या तज्ज्ञांनी येथे शिकावे. 'तू काय लिहिलेस ते दाखव बरे' एवढे एक वाक्य त्या संध्याकाळी पुरेसे होते.

कोणी म्हणेल, येशूनेही निकदेमाला टोकलेच होते की. टोकले होते, परंतु निकदेम नवशिका नव्हता, तो इस्राएलाचा गुरू होता, आणि तरीही त्याला टोकून प्रभू थांबला नाही. रात्रीच्या वेळी आलेल्या त्या माणसाला त्याने पुढे सारे समजावून सांगितले. अज्ञानी गुरूला टोकणे वेगळे आणि दारात आलेल्या शिष्याला हाकलणे वेगळे.

पुनरावृत्तीची तक्रार तर विसाव्या शतकातली नव्हेच. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या महाग्रंथाच्या प्रास्ताविकात तीच केली आहे: निरुपयोगी प्रश्नांची गर्दी, विषयाची विस्कळीत मांडणी आणि वारंवार होणारी पुनरुक्ती यांनी शिकणाऱ्यांच्या मनात कंटाळा व गोंधळ माजतो. पण या निदानावर त्यांनी योजलेला उपाय पाहा. नवशिक्यांना शाळेबाहेर काढा असे ते म्हणाले नाहीत. धर्मशिक्षकाने केवळ पुढे गेलेल्यांना नव्हे तर आरंभ करणाऱ्यांनाही शिकवले पाहिजे, असे म्हणून त्यांनी त्या आरंभ करणाऱ्यांसाठीच तो ग्रंथ रचला, आणि त्यातील प्रत्येक विवेचनाची सुरुवात विरुद्ध बाजूच्या शंकांनी केली. त्या काळी पॅरिसच्या विद्यापीठात आगमनकाळात व उपवासकाळात अशा सभा भरत की, तेथे कोणीही कोणताही प्रश्न गुरूला विचारावा. आणि थॉमससारखे महापंडित त्यांना सामोरे जात. सातशे वर्षांपूर्वीचा तो उघडा दरवाजा आजच्या कोणत्या गुणपद्धतीत आहे?

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेचा आरंभच मुळी प्रश्नोत्तरांनी झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे छापले गेले. त्यात ठिकठिकाणी श्रोते शंका काढतात आणि पाद्री गुरू त्यांचे निरसन करतात. हा इंग्रज जेज्वीट १५७९ साली गोव्यात आला, तेव्हा तोही आपल्या भाषेत नवशिकाच होता. त्याने चुकतमाकत विचारले असेल, आणि कोणा ना कोणा मराठी-कोंकणी माणसाने त्याला हसून न टाकता शब्द सांगितले असतील. एरवी ते पुराण आपल्या हाती आलेच नसते.

ज्या मातीत आम्ही राहतो तिचाही हाच संस्कार आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, तेव्हा गावाकडून आलेली पोरे जुन्या फिटर-टर्नरच्या हाताखाली उभी राहून यंत्र शिकली. १९६१ च्या कायद्याने तर शिकाऊ उमेदवार घेणे कारखान्यांवर बंधनकारक केले; नव्या माणसाला शिकवणे ही मेहरबानी नाही, कर्तव्य आहे, असे देशाने कायद्यात लिहून ठेवले. बाजारात नव्या हमालाला गोणी पाठीवर कशी घ्यावी, भार कोठे तोलावा हे जुना हमाल दाखवतो. कारण एकाचा पाय घसरला तर गोणी दुसऱ्याच्या अंगावर येते. त्या मुलाच्या वडिलांना हे शहाणपण आहे. त्याच पट्ट्यात महापे-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत वातानुकूलित खोल्यांत बसणाऱ्या आमच्या पदवीधरांना ते नसावे, याची आम्हाला शरम वाटते.

आता या साऱ्याला एक नवे वळण लागले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' हे संभाषण करणारे यंत्र लोकांच्या हाती आले. स्टॅक ओव्हरफ्लोने पुढच्याच महिन्यात यंत्राने रचलेली उत्तरे आपल्या मंचावर द्यायला मनाई केली. परंतु प्रश्नकर्ते स्वतःच मोठ्या संख्येने यंत्राकडे वळले आणि त्या मंचावरील नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, दहाव्यांदा विचारले तरी तितक्याच सौजन्याने उत्तर देते, आणि मराठीतही देते. तुर्भ्याचा तो मुलगाही आता यंत्रालाच विचारतो. त्याला आम्ही दोष देणार नाही. त्याला यंत्राकडे यंत्राने खेचले नाही, आपण ढकलले.

तरी यात काही हरवते आहे, हे सांगितलेच पाहिजे. यंत्र चुकीचे उत्तरही तेवढ्याच ठामपणे देते, आणि ते चुकीचे आहे हे ओळखायला जे ज्ञान लागते ते नवशिक्याजवळ नसते. मंचावर दिलेले उत्तर दहाजण तपासत आणि पुढच्यांसाठी ते राहत असे. यंत्राशी एकांतात झालेले बोलणे शेजाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. त्याहून मोठी हानी वेगळीच आहे. ज्याला कोणी माणसाने हात दिला नाही, तो उद्या दुसऱ्याला हात देण्याचे ऋण कोठून आणणार? पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये आपले नाव निवडताना 'रेरुम नोवारुम' लिहिणाऱ्या तेराव्या लिओंची आठवण काढली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांपुढे उभी केलेली आव्हाने बोलून दाखवली. ही आव्हाने रोममध्ये सुटायची नाहीत. ती आपल्या मंडपात सुटायची आहेत.

म्हणून आमचा शेवटचा रोख इतर कोणावर नसून आपल्यावरच आहे. ख्रिस्तसभेने शिक्षणासाठी काय केले हे सांगताना आपली छाती फुगते. तुर्भ्याशेजारी वाशीत फादर अ‍ॅग्नेल यांच्या नावाने उभ्या असलेल्या तंत्रशिक्षणाच्या संकुलाकडे आपण अभिमानाने बोट दाखवतो, आणि तो अभिमान रास्तही आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदाला पोहोचलेल्या कार्लो अकुतिसची तसबीर आपण लावतो. तो संगणकाच्या आज्ञावल्या स्वतःच शिकला हे मुलांना कौतुकाने सांगतो. पण प्रत्येक मुलाच्या घरी कार्लोच्या घरच्यासारखा संगणक आणि ग्रंथ नसतात. तसबिरीखाली उभा असलेला मुलगा अडला, तर त्याने जावे कोणाकडे? आणि श्रद्धाशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलाने अवघड प्रश्न विचारला की 'गप्प बस, असे विचारू नये' म्हणणारेही आपणच असतो. ज्या तिघा तरुणांनी त्या मुलाचा उपहास केला, त्यांनी तो धडा कोठे गिरवला असेल, हे वेगळे सांगायला नको.

आमची मागणी लहान आहे. तिला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळच्या मिस्सेनंतर, सभागृहात एक टेबल मांडावे. संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पाळीपाळीने तेथे दोन तास बसावे. जो कोणी येईल, कोणत्याही धर्माचा, कोणत्याही वयाचा, त्याचा प्रश्न मराठीत ऐकावा आणि मराठीत उत्तर द्यावे. विचारणाऱ्याने रिकाम्या हाताने येऊ नये. काय लिहिले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी वहीत उतरवून आणाव्यात. हे त्याचे कर्तव्य आहे आणि ते आम्ही माफ करणार नाही. उत्तर येत नसेल तर तज्ज्ञाने 'मला माहीत नाही, मिळून पाहू' असे म्हणावे. प्रश्न आणि उत्तर त्याच वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मोफत प्रणालींचे छोटे बोलते धडे मराठीतही तयार केले आहेत. आरंभासाठी ते वापरावेत. आणि त्या टेबलापाशी जो हसेल, त्याने त्या दिवशी खुर्च्या आवराव्यात.

तो मुलगा पुन्हा कोणा माणसाला प्रश्न विचारील की नाही, हे आम्हाला सांगता येत नाही. त्याच्या आज्ञावलीतून आता ९८ हे बरोबर उत्तर येते; यंत्राने तेवढे केले. 'विचारायलाच नको होतं' हे जे चुकीचे उत्तर आपण त्याच्या मनात लिहून ठेवले, ते मात्र यंत्राला पुसता येणार नाही. ते ज्यांनी लिहिले त्यांनीच पुसायचे आहे.